डावं वळण

होळी होऊन गेली तरी मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला बर्फ मांडीएवढा उभा होता. दिवसा ऊन पडायचं, पागोळ्या गळायच्या आणि रात्री सगळं पुन्हा दगड व्हायचं. माणसाला अशी हवा नकोशी होते, पण मेपलच्या झाडांना हीच मानवते. थंडी-उन्हाची अशी ओढाताण लागली की खोडातून रस चढतो आणि खोडात ठोकलेल्या तोटीतून टप टप बादलीत उतरतो. पाण्यासारखा पातळ, जिभेवर जेमतेम गोड. वेळेवर गोळा करून आटवला तर सोन्याच्या रंगाचं सिरप, आणि बादलीत तसाच राहिला तर आंबून जातो.

नेमक्या अशा वेळी गाडीनं दगा द्यायला सुरुवात केली होती.

गाडी म्हणजे स्नोमोबील. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मधे मोटरसायकलसारखं हँडल. रसाची टाकी ठेवलेली स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, तिच्या मागे जोडायची. एके काळी पिवळी असावी. शैलजा आणि संजयनं इथं घर घेतलं तेव्हा ती शेडमधे होतीच. आधीच्या मालकानं कुलपासोबत तिचीही किल्ली देऊन टाकली होती.

"काय म्हणते?" शैलजानं शेडच्या दारातूनच विचारलं. हातात चहाचे दोन मग, डोक्यावर लेकीची जुनी लोकरी टोपी, टोपीखाली कुंकू.

"शेडमधे काय म्हणणार? शेडमधे गुणाची आहे." संजय गुडघ्यावर हात देत उठला. "ऐक."

त्यानं दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला इंजिन फुरफुरलं, धुराचा लोट उठला आणि मग तालात चालू लागलं. मागचा भाग त्यानं स्टँडवर उचलून ठेवला होता. पट्टा हवेत गरगरत होता. चहा संपला, रिकामे मग गार झाले, तरी गाडी चालतच होती.

"बघितलंस? आता हीच बया रसाची भरली टाकी घेऊन टेकडीवरून उतरताना त्या बर्चच्या झाडापाशी मरते. आणि मरते म्हणजे काय, दोन मिनिटं झटापट केली की परत सुरू! एकदाची पुरती मेली असती तर कारण सापडलं असतं. इंटरमिटंट फॉल्ट म्हणजे विसरभोळा पाहुणा. आपण वाट बघत बसलो की येत नाही."

"माझ्या हातात नाही हो मरत."

"तू अर्धी टाकी आणतेस म्हणून."

शैलजा गाडीपाशी आली. हँडलखाली, तारा जिथून वर येतात तिथं, दसऱ्याला बांधलेला लाल दोरा होता. सहा महिन्यांत तो काळा-तपकिरी पडला होता. रोज गाडीवर बसण्याआधी ती त्याला दोन बोटं लावायची आणि बोटं कपाळाला. आताही लावली. संजयनं बघून न बघितल्यासारखं केलं.

ही माणसं इथली नव्हती. संजयची सगळी नोकरी ॲरिझोनात, चँडलरला गेली. कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी करायचा. बिघाड शोधणं हाच धंदा. घाम येण्याआधी वाळून जावा अशा उन्हात आयुष्य काढलं आणि लेक प्रीता इकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली, इकडचीच झाली, तेव्हा तिच्यामागं दोघंही आली. प्रीता म्हणाली होती, "आई, आर यू शुअर? इथे सहा महिने स्नो असतो." शैलजा म्हणाली होती, "बर्फालाही देवानंच पाठवलंय ना?" पहिल्या हिवाळ्यात तिला त्या वाक्याचा पश्चात्ताप झाला. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारच्या हेल्मीबाईंच्या रानात मेपलच्या रसाचा वास आला आणि ती जागच्या जागी थांबली. कऱ्हाडजवळच्या तिच्या गावी ऊस यायचा, गुऱ्हाळं लागायची. काहिलीवरची तीच वाफ इथं, देवदारांच्या मधून येत होती.

हेल्मीबाई ऐंशीच्या पुढच्या. फिनलंडातून आलेल्या लोकांची नात, कमरेत वाकलेली, बोलायला कमी. नवरा आर्वो जाऊन वर्ष झालं होतं. रान त्यांचंच. आर्वो होता तोवर दर वसंतात रस निघायचा. तो गेल्यावर लाकूडवाल्या कंपनीचा माणूस आला आणि झाडाझाडावर निळ्या रंगाचे पट्टे मारून गेला. बर्फ वितळून रस्ता सुकला की तोड सुरू व्हायची होती. शैलजानं भीत भीत विचारलं, "या साली आम्ही रस काढू का?" हेल्मीबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "हंगाम पार पाडून दाखवा," त्या म्हणाल्या. "पार पडला तर झाडं राहतील. रानाला कुणी माणूसच नसेल, तर मी ते ठेवून काय करू?"

बोलणं एवढंच. लिहिणं नाही, पुसणं नाही. पण त्या दिवसापासून शैलजाला ते निळे पट्टे कुणाच्या तरी गळ्यावर ओढल्यासारखे दिसत होते.

*

रानाची वाट एका टेकडीला वळसा घालून यायची. टेकडीच्या माथ्यावर सगळ्यांत जुना मेपल, आणि पायथ्याशी रस आटवायची लाकडी शेड. शैलजा तिला गुऱ्हाळच म्हणायची. आर्वो ज्या बाजूनं जायचा त्याच बाजूनं संजय जायचा: रिकामी गाडी उभ्या चढानं वर, आणि बादल्या ओतत ओतत, भरली टाकी सावकाश उतारानं खाली. त्यात शहाणपण होतं. शैलजा मात्र पहिल्या दिवसापासून उलट्या बाजूनं गेली. माथ्यावरचं ते झाड उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणेच्या दिशेनं. त्यात भरत्या टाकीनिशी चढावं लागायचं आणि शेवटचा उभा उतार जीव मुठीत धरून उतरावा लागायचा, म्हणून ती अर्धीच टाकी आणायची.

"अगं, झाड आहे ते, देऊळ नाही," संजय म्हणाला होता.

"असू दे की. मला झाड डाव्या हाताला घालून जाववत नाही."

आदल्या दिवशी संजयची टाकी बर्चपाशी उलटली होती. वाटेवरच्या त्या सगळ्यांत तीव्र वळणावर इंजिन एकदम गप्प झालं, मागच्या भाराचा रेटा आला, गाडी दाबलेल्या वाटेवरून घसरून मऊ बर्फात रुतली आणि टाकी आडवी झाली. सगळा रस बर्फात गेला. शैलजा पोचली तेव्हा संजय कमरेपर्यंत बर्फात उभा राहून फावड्यानं गाडी उकरत होता. खाली हेल्मीबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा बाजूला झाला होता. दोघांनाही तो दिसला.

त्यानंतर उरलेला रस त्यांनी हातांनी आणला. बर्फावर चालायचे रुंद जोडे पायाला बांधून, दोन्ही हातांत बादल्या. बादली हिंदकळली की रस हातमोज्यात जायचा आणि तिथंच गोठायचा. संध्याकाळी संजयला बूट काढायला वाकता येईना. शैलजानं त्याच्या पायाशी बसून नाड्या सोडल्या. हेल्मीबाईंनी निरोप धाडला, सौना तापवलाय, या. त्या गरम लाकडी खोलीत संजय पालथा पडून राहिला आणि म्हणाला, "शैले, माणसांनी ओढून हा हंगाम होणार नाही. शनिवारपासून ऊन वाढतंय. सगळी झाडं एकदम सुटतील."

"मग गाडी शोधून काढा तुमची."

"काय शोधू? प्लग बदलले. पेट्रोलमधे पाणी असेल म्हणून टाकी उपसली. कार्ब्युरेटर धुतला. कॉइल नवी घातली. आता एकच उरलं, इंजिनाच्या पोटात वीज तयार करणारं वेटोळं. भार आला की तापत असेल, तापलं की मरत असेल. एवढ्या जुन्या गाडीचं ते आता येईपर्यंत झाडांना पानं फुटतील."

सकाळी, शेडमधल्या त्या चहानंतर, गाडी ट्रेलरवर घालून त्यांनी गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं अंगणात दोरी ओढली, पहिल्या हिसक्याला सुरू. अंगणात चक्कर मारली. तिथं आणखी दोघं कॉफी पीत उभे होते. "मला तर झकास वाटते," दुरुस्तीवाला म्हणाला. "चालत्या गाडीत मी काय दुरुस्त करू? मेली की आणा." मागून कुणी तरी हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण परत येताना संजयनं रेडिओ लावला नाही.

*

दुपारी काहिलीखाली जाळ होता. आणलेला रस उकळत होता, छपराच्या फटीतून वाफ वर जात होती. शैलजा झाऱ्यानं फेस काढत होती आणि खिडकीत ठेवलेल्या फोनवर कीर्तन लागलं होतं. ती टाळकऱ्याची मुलगी. तिचे वडील सप्ताहात बुवांच्या मागं टाळ घेऊन उभे राहायचे. ती लहानपणी त्यांच्या पायांशी झोपायची आणि टाळ थांबला की जागी व्हायची. कीर्तन नुसतं ऐकायचं नसतं, असं ते म्हणायचे, त्यात उभं राहायचं असतं. इथं उभं राहायला कोण? म्हणून ती काहिलीपाशी उभी राहायची.

हेल्मीबाई काठी टेकत आत आल्या आणि बाकावर बसल्या.

"हा तुमचा पास्टर का?"

"तसंच काहीसं."

"आणि सगळं प्रवचन गाऊनच सांगतो?"

"गातो, सांगतो, परत गातो."

"आमच्याला शिकवा म्हणावं," हेल्मीबाई म्हणाल्या. "मी जागी तरी राहीन."

बुवा बाळकृष्णाच्या खोडीवर आले होते. आई त्याला उखळाला बांधायला निघालीय आणि दोरी दोन बोटं कमी पडतेय. आणखी दोरी जोडावी, तरी दोन बोटं कमी. गावभरच्या दोऱ्या गोळा कराव्यात, तरी दोन बोटं कमी! मागं टाळ वाढत चालला होता. शैलजानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

"मग बांधलं की नाही?" हेल्मीबाईंनी विचारलं.

"आई घामाघूम झाली ते बघून त्यानंच बांधून घेतलं. ओढून नाही बांधता येत त्याला."

हेल्मीबाई जाळाकडे बघत राहिल्या. "आर्वोही तसाच होता," त्या म्हणाल्या. मग उठताना, जणू हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं: "लाकूडवाल्याचा फोन होता. विचारत होता, तुमच्या त्या लोकांचं काय झालं? मी म्हटलं, सोमवारी सांगते." दारात त्या थांबल्या. "काल मी खिडकीतून बघितलं. हसले नाही मी. आर्वोची पण उलटायची."

त्या गेल्यावर शैलजा झारा हातात धरून तशीच उभी राहिली. फोनमधे टाळ चालला होता, एकसारखा, आणि तिच्या मनात मात्र गाडीचा आवाज येत होता. चालताना ती कधी धापा टाकत नव्हती, अडखळत नव्हती. दमलेला टाळकरी आधी ढिला पडतो, मग मागे राहतो, मग थांबतो. हे दमणं नव्हतं. हे म्हणजे चांगला वाजणारा टाळ कुणी तरी हातानं धरावा तसं होतं.

संजय लाकडं घेऊन आत आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमचं ते वेटोळं तापतं तेव्हा इंजिन आधी कुरकुरेल का?"

"बहुतेक. मिसफायर होईल, ताकद जाईल."

"कुरकुरलं का कधी?"

संजयनं लाकडं खाली टाकली. "नाही," तो सावकाश म्हणाला. "चटकन बंद होते. दिव्याचं बटण दाबल्यासारखी."

"मग भारानं नाही मरत ती."

"हे सिद्ध करायला हवं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची." त्याचे डोळे थोडे उघडले होते, कारखान्यात जाताना असायचे तसे. "टाकी काढू. स्लेजवर जळणाचे ओंडके रचू, सांडायची भीती नाही. पूर्ण भार. तू तुझ्या बाजूनं जा. भारानं मरत असेल तर चढावर मेलीच पाहिजे."

"आणि तो उभा उतार?"

"सावकाश. मी बर्चपाशी उभा राहतो, वाट बघत."

ओंडके रचून, पट्ट्यांनी आवळून झाले. शैलजानं दोऱ्याला बोटं लावली, "रामकृष्ण हरी" म्हणाली आणि अंगठ्यानं गॅस दाबला. गाडीनं नाक उचललं. बर्चपाशी संजय हातमोजे काखेत धरून उभा होता. ती त्याच्या पुढून गेली, उजवीकडे वळत, इंजिन ओरडत होतं पण चुकत नव्हतं. चढावर पट्टा घसरला, बर्फ मागं उडाला, तिनं अंग पुढं टाकलं, दंडातून कळ गेली. माथ्यावरचं झाड उजव्या हाताला फिरलं. उतारावर ओंडक्यांचा रेटा पाठीत आल्यासारखा जाणवत होता. ती खाली आली तेव्हाही इंजिन तालात चालू होतं.

आता संजयची पाळी. ओंडके उतरवून टाकले. रिकामी स्लेज, भार काही नाही. तो आर्वोच्या बाजूनं वर गेला. शैलजा खाली उभी राहून आवाज ऐकत होती. चढ. माथा. उतार. आणि मग, ज्या जागी ऐकू येईल असं तिला वाटलं होतं त्याच जागी, काहीच नाही. रान एकदम मोठं झालं.

ती जोडे अडकवून वर गेली. संजय गाडीवर तसाच बसला होता, हातांत हँडल, नजर समोर. गाडी थोडी कलून वाटेच्या कडेला थांबली होती.

"रिकामी," तो म्हणाला. "रिकामी असून मेली. म्हणजे भार नाही. तापणं नाही. तुझ्या हातात मरत नाही, माझ्या हातात मरते. आता काय, माझं वजन? माझी रास?"

"तुम्ही उलटे जाता."

"शैले, गाडीला धर्म नसतो."

"मी कुठं धर्माचं म्हणते? तुमचे हात बघा."

त्यानं बघितलं. त्याचे हात हँडलवर होते आणि हँडल डावीकडे वळलेलं होतं. वळण घेता घेता मेली, तसंच राहिलं होतं.

"मी दिवसभर उजवीकडे वळते," शैलजा म्हणाली. "तुम्ही दिवसभर डावीकडे."

संजयनं पुन्हा हँडलकडे बघितलं. मग हँडल न हलवता त्यानं दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. काही नाही. हँडल सरळ केलं, ओढली, आणि इंजिन चालू झालं. त्यानं श्वास रोखून हँडल हळूहळू डावीकडे नेलं. बंद.

"अगं बाई," शैलजा म्हणाली.

"शेडमधे!" संजय ओरडला. तो हसत होता की चिडला होता कळेना. "शेडमधे मी हँडल कधी वळवलंच नाही! स्की काँक्रीटवर, हलतायत कुठं! स्टँडवर चढवून पट्टा फिरवत बसलो, आणि त्या बाबाच्या अंगणात गाडी उजवीकडे वळत फिरली!"

तो गुडघ्यांवर बसला, पुढचं झाकण उघडलं. खिशातून वीज तपासायचं मीटर काढलं, त्याचं एक टोक गाडीच्या लोखंडाला लावलं, दुसरं बंद करायच्या बटणाकडे जाणाऱ्या वायरला. "या गाडीत बटण दाबलं की ही वायर लोखंडाला टेकते आणि ठिणगी बंद होते. बटण न दाबता कुठे टेकत असेल तर हे बोंबलेल. हँडल फिरव. डावीकडे."

शैलजानं फिरवलं. मीटर किंचाळलं. उजवीकडे फिरवलं, गप्प. डावीकडे, किंचाळलं. रानात दुसरा आवाज नव्हता. आजूबाजूच्या बादल्यांत रस टपटपत होता, तेवढाच.

संजयची बोटं वायरीवरून वर वर गेली. हँडलच्या दांड्यापाशी, लोखंडी पट्टीच्या कडेला, ती थांबली. मग त्यानं मान वर करून शैलजाकडे बघितलं.

"काय?"

"ये इकडं. बघ."

लाल दोरा. दसऱ्याची पूजा झाली तेव्हा झेंडू मिळाला नव्हता, म्हणून तिनं हळद-कुंकू लावून नाडाछडी बांधायला सांगितली होती. ती दांड्याभोवती आणि वायरींभोवती एकत्रच गुंडाळली होती, वेढ्यावर वेढा, आणि वर गाठ. हँडल डावीकडे वळलं की वायर मोकळी सरकायला हवी होती. दोऱ्यानं तिला पट्टीच्या कडेवर दाबून धरली होती. सगळा हिवाळा ती तिथं घासली होती. आवरण गेलं होतं, आत उघडं तांबं चमकत होतं.

शैलजाचा चेहरा उतरला. ज्याला रोज बोटं लावली, ज्याच्यावर भरवसा ठेवून गाडीवर बसली, त्यानंच. निळे पट्टे तिच्या डोळ्यांपुढून गेले. "माझीच पूजा," ती म्हणाली.

"पूजा तुझी," संजय म्हणाला, "गाठ कुणाची?"

तिनं गाठीकडे बघितलं.

"तू म्हणालीस, नीट बांधा, सुटायला नको. मी म्हटलं, आपलं काम म्हणजे पक्कं काम. सात वेढे दिले मी. ओढून." त्यानं गाठीला नख लावून बघितलं, हलेना. "च्यायला, बांधलीय पण काय! कारखान्यात असती तर बक्षीस मिळालं असतं."

आधी तो हसला, मग ती. हसता हसता ती बर्फात बसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर गार झालं.

संजयनं खिशातली कात्री काढली, पण शैलजानं त्याचा हात धरला. "थांबा. देवाचा दोरा आहे, कापू नका." हातमोजा काढून तिनं गाठीवर तोंडानं वाफ सोडली, नखांनी उकललं, दातांनी ओढलं. बोटं बधिर झाली तेव्हा काखेत घातली आणि परत लागली. वेढे एकेक करून सुटले. सुटलेला दोरा तिनं घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. संजयनं वायरीला काळी टेप गुंडाळली, वरून रबरी नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवला आणि वायरींना मोकळा झोल दिला.

"किती सोडला?" शैलजानं विचारलं.

त्यानं झोलाखाली बोटं घालून दाखवली. "दोन बोटं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तिच्या फोनवरचं कीर्तन त्यानंही दाराबाहेरून ऐकलं होतं.

त्यानं दोरी ओढली. गाडी सुरू झाली. हँडल डावीकडे, अगदी टोकापर्यंत. चालू. उजवीकडे. चालू. पुन्हा डावीकडे. शैलजानं डोळे मिटून ऐकलं. टाळ कुणी धरला नाही.

*

शनिवारी झाडं खरोखरच एकदम सुटली. बादल्या काठोकाठ भरल्या, झाकणाखालून रस ओघळू लागला. प्रीता सुट्टी घेऊन आली आणि काहिलीपाशी उभी राहिली. "आई, इट स्मेल्स अमेझिंग, पण मला फेस कधी काढायचा ते सांग ना!" ती दर पाच मिनिटांनी ओरडत होती. संजय बादल्या ओतत होता आणि गाडीवर शैलजा होती. भरली टाकी आणायची तर आर्वोचीच बाजू बरी, हे तिनंही मान्य केलं होतं. निघण्याआधी माथ्यावरच्या झाडाकडे बघून तिनं हात जोडले. "डाव्या हाताला घालतेय," ती म्हणाली, "पण काम आहे. समजून घे."

पहिल्या खेपेला बर्च जवळ आला तेव्हा तिचे खांदे आपोआप आखडले. मागं भरली टाकी हिंदकळत होती. तिनं हँडल डावीकडे वळवलं. गाडी वळली. इंजिन तसंच, एका तालात. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. दिवसभरात किती वेळा वळली ते तिनं मोजलं नाही.

संध्याकाळपूर्वी, ऊन तिरपं असताना, पहिलं सिरप तयार झालं. शैलजानं झारा उचलून धरला. थेंब न पडता कडेला चादरीसारखी सलग पट्टी लोंबली, काकवी आल्यावर लोंबते तशी. "आलं," ती म्हणाली.

हेल्मीबाईंनी चमचाभर तोंडात घेतलं. बराच वेळ तोंडातच ठेवलं. मग चमचा स्वच्छ चाटून ठेवला, काठी घेतली आणि बाहेर पडल्या. शेडच्या दारापाशीच एक जाड मेपल होता, त्यावरही निळा पट्टा. त्या त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. शैलजा मागोमाग गेली.

"तुझ्या गाडीला तो लाल दोरा होता," हेल्मीबाई म्हणाल्या. "संजयनं सांगितलं मला. कशासाठी बांधता?"

शैलजा ओशाळली. "कामाची वस्तू असली की... तिचा मान म्हणून. तिनं सांभाळावं, आपण तिला सांभाळावं."

"आहे आणखी?"

देवघरातली नाडाछडीची गुंडी शैलजाच्या कोटाच्या खिशातच होती. गाडीला नव्यानं बांधायला तिनं सकाळीच आणली होती. तिनं ती पुढं केली. हेल्मीबाईंनी घेतली नाही. काठीचं टोक उचलून त्यांनी निळ्या पट्ट्याला टेकवलं.

"इथं बांध. हा रंग झाकेल असा."

शैलजाच्या हातांना सिरपचा चिकटा होता. ती खोडाला दोन्ही हातांनी वळसा घालून दोरा पलीकडून अलीकडे घेत राहिली. खोड तिच्या कवेत मावत नव्हतं, तेव्हा संजय दुसऱ्या बाजूला उभा राहून टोक हातात देत गेला. निळा रंग लाल दोऱ्याखाली गेला. शेवटच्या वेढ्याला, सवयीनं, संजयनं टोक धरून ओढलं.

हेल्मीबाईंची काठी त्याच्या मनगटावर हलकेच पडली.

"ढिला बांध," त्या म्हणाल्या. "झाड अजून वाढायचं आहे."